बेचकी

सिव्हिलच्या चिठ्ठीवर डॉक्टर कापडणीसांनी
घाईत लिहिलंय: उजवा खांदा, रोटेटर कफ?
मी मोठ्यानं वाचतो, तर भिवरा भोये म्हणते,
कफ नाही हो मला. खोकलाच नाही.
आणि खोकून दाखवते,
कोरडं, प्रामाणिक.

हात वर होत नाही. एवढंच.
वेणी आता लेक घालते.

बावीस हंगाम मोहाडीच्या मांडवाखाली,
मान मागे, दोन्ही हात वर,
द्राक्षाच्या घडातले मणी कात्रीनं विरळ करायचे,
पुढच्या पंधरवड्यात औषधाचा डबा उचलून
तेच घड एकेक करून बुडवायचे.
हात खाली येतो तो भाकरीला,
आणि मिसरीला.

तिला तिरपी उभी करतो पाटीला टेकवून.
श्वास धरा.
सोडा.

पडद्यावर कडेनं उमटतो खांदा.
वर हाडाची वळचण, पुस्तकात अंसकूट.
कुणाची सपाट, पत्र्यासारखी,
कुणाची जराशी झुकलेली,
कुणाची टोकाला खाली वळलेली,
विहिरीत पडलेली कळशी काढायच्या गळासारखी.
त्या गळाखालून जाते हात उचलणारी दोरी.
हात वर गेला की घासते.
किती वेळा, तो हिशेब मी मांडत नाही,
मुकादमही मांडत नाही.

भिवराची वळलेली.
खालची फट सहा मिलिमीटर, दोनदा मोजली.
फाटलेली दोरी माझ्या यंत्राला दिसत नाही.
दिसतं ते छप्पर,
आणि त्याखाली किती कमी जागेत
राहत होतं कुणीतरी.

माझी जाऊ हिरकण, ती बाही ओढत म्हणते,
शेजारच्या ओळीत, तेवढीच वर्षं.
तिचा हात अजून माळ्यावरची पाटी काढतो.
मी काय पाप केलं?

पाप नाही बाई, घडण.
तिची वळचण सपाट असेल.
म्हणतो खरा,
पण सपाट छपराखालच्या फाटलेल्या दोऱ्याही
सोनोग्राफीच्या कागदांवर वाचल्यात मी.
आणि डॉक्टरांतच दोन तट आहेत:
एक म्हणतात, गळानं दोरी कापली.
दुसरे म्हणतात, दोरी आधी थकली,
बाहूचा गोटा वर सरकला,
त्या ओढाताणीत गळ वाढला.
आधी काय, फोटो सांगत नाही.
फोटोत एकच क्षण असतो,
तोही श्वास धरलेला.

एक गोष्ट मी तिला सांगत नाही.
एका रिकाम्या रात्रपाळीला
वॉर्डातल्या मामांना बटण दाबायला लावलं होतं.
माझाही गळच. तिच्याहून अणकुचीदार.
चोवीस वर्षं शिशाचा एप्रन वरच्या खुंटीला टांगतोय,
आणि काही दुखत नाही.
अजून तरी.
दार लावून घेतो कधी कधी,
हात हळूहळू वर नेऊन बघतो.

लेक आत येते. रंजिता, एकोणिसावं लागलेली.
पडद्याशी थांबते.
पाठीच्या हाडाचे दोन फाटे,
मधोमध गोल गोटा.
ही तर बेचकी, ती म्हणते,
बागेतली पाखरं उडवायची.

इतकी वर्षं मी त्याला इंग्रजी वाय म्हणत आलो.

माझा पण काढता का फोटो?
यंदा तिच्या जागी मीच जाणार आहे.
चिठ्ठी लागते, मी म्हणतो.
गळ दिसला तर जाणार नाहीस का,
हे विचारत नाही.

ती आईचा पदर खांद्यावर सारखा करते,
फिल्मची गुंडाळी करून पिशवीत घालते.
सुरगाण्याची गाडी सव्वापाचला.
मी दारापर्यंत जातो, तसा कधी जात नाही.
गाडीतला दांडा उंच असतो, म्हणतो,
डाव्या हातानं धरा.