शब्द कधी येणार

बस, नेदिम. बूट असू देत.
घर तापवणारी ती म्हातारी भट्टी दुरुस्त करून
तू तळघरातून वर आलास, कोपरापर्यंत काजळी,
आणि दारातच थबकलास.
मग विचारलंस, ‘गाणं कधी सुरू होणार?’

हसलो म्हणून रागावू नकोस.
मीही असाच वाट बघायचो, बारा वर्षांचा असताना.
वाटायचं, ही मंडळी नुसतीच घसा खाकरताहेत,
आता कुणीतरी पुढे येईल, तोंड उघडेल.
कुणी आलं नाही.
सुई मधल्या कागदाशी खरखरत राहिली
आणि मला कळलं, बोलणं होऊनही गेलं.

सुरुवात कुठून करू, विचारतोस.
लोक तुला यादी देतील. यादी वाण्याकडे न्यावी.
मी चाळीस वर्षं या सेंट लुईसमध्ये पियानो जुळवले,
चर्चचे, शाळांचे,
एका दंतवैद्याचा, ज्याच्या घरी कुणीच वाजवत नव्हतं.
माझं ऐकशील तर ट्रम्पेटच्या मागे लागू नकोस,
तो घोड्यावरचा नवरदेव, दिसणारच.
सॅक्सोफोनही राहू दे. तो तुला आपणहून गाठेल,
एखाद्या रात्री बायकोशी भांडून
बंद गाडीत बसलेला असशील तेव्हा.

आधी बास ऐक.
ऐकू येत नाही? नाहीच येणार.
बास कानाच्या आधी खुर्चीला ऐकू येतो.
हात ठेव इथे, लाकडावर.
आलं?
हा माणूस चालतोय. नुसता चालतोय.
बाकीचे उड्या मारताहेत, भांडताहेत,
एकमेकांच्या ताटातलं उचलताहेत,
कारण खाली कुणीतरी न चुकता चालतंय.

मघाशी जिन्यावरून बघत होतो तुला.
हत्यारांची पेटी उघडलीही नव्हतीस.
भट्टीच्या पत्र्याला कान लावलास, डोळे मिटलेस
आणि म्हणालास, पंख्याचं डावं बेअरिंग गेलंय.
डावं!
आणि मला सांगतोस, संगीतातलं कळत नाही.

आता ही दुसरी. पाकीट फाटलंय, सांभाळून.
मागे चार नावं आहेत. त्यातलं बासवाल्याचं खोटं.
तिथे आहे तो माझा भाऊ, वर्नेल.
ठरलेला माणूस तापाने पडला,
हा आयत्या वेळी गेला, माझा कोट घालून,
आणि अठरा डॉलर घेऊन परत आला.
पाकिटं आधीच छापून झाली होती.

पियानोची दुसरी फेरी संपत आली की...
थांब.
आत्ता!
कळलं? पायाखालची जमीन गेली.
तार तुटली त्याची.
कुणी थांबलं नाही.
पियानोवाल्याने डावा हात खाली उतरवला,
ड्रमवाला जरा पुढे सरकला, शेजारी सरकतो तसा,
आणि अकरा मोजेपर्यंत वर्नेल नाही.
मग उरलेल्या तीन तारांवर तो परत येतो,
जणू कोपऱ्यावर सिगारेट आणायला गेला होता.

चोपन्न वर्षं झाली त्याला जाऊन.
खरं सांगू? तो वाजवत असतो तेव्हा
मी त्याला विसरतो, इतकं सोपं वाजवायचा.
त्या अकरा ठोक्यांत मात्र
तो या खोलीत असतो,
ओठ चावत, बोट चोखत,
माझ्या कोटाच्या बाहीला रक्त पुसत.

घेऊन जा. ही नाही, पहिली ने.
खरकटी करून आणलीस तरी चालेल.
हिच्यासाठी इथे यावं लागेल.
भट्टी पुन्हा बिघडेलच,
नाही बिघडली तर मी बिघडवीन.

निघतोस?
बाहेर बर्फ थांबलेला नाही.
आणि हात अजून खुर्चीवरच आहे तुझा.
राहू दे.
मी बाजू पालटतो.