पोटखराब

सातबाऱ्यावर धामाप्याच्या सड्याला एकच शब्द आहे: पोटखराब.
म्हणजे पिकत नाही, आकार नाही.
साहेबांनी त्या शब्दावर पेन टेकवलं,
म्हणाले, मग झालं तर,
शहराच्या पोटातलं तिथेच नेऊ.
सगळे हसले. मीही, तोंडात टाचणी धरून.

सड्यावर फलक आहे, संरक्षित क्षेत्र,
गंजून पहिलं अक्षर गेलेलं.
जुनं केंद्र जेटीपाशी. तिथे आता
पर्यटकांना सूर्यास्त बघायला ओटे होणार.

मी आवक-जावक बघतो.
सांडपाणी प्रकल्प स्थलांतर, हरकती: दोनशे अकरा.
शिक्का मारायचा, तारीख टाकायची, वाचायचं नसतं.
मी वाचतो.

गुणाजी राऊळ, वहीच्या फाडलेल्या पानावर:
सडो वरसून सुको, आतसून न्हय.
आमची बाव मे म्हयन्यात आटणा नाय
ती तेच्याच जिवार.
वर घाण इली तर खाली ती आमीच पितलंव.

हसन मुकादम, निवृत्त खलाशी:
कातळावर कोरलेला मासा आहे, माणसाहून लांब.
कोणी कोरला ठाऊक नाही.
माझा बाप त्याच्या शेपटीवर भात वाळत घालायचा.

नववीतल्या चैत्राली खवणेकरने
दिपकाडीचं फूल सेलोटेपने चिकटवून पाठवलं.
माझा शिक्का नेमका त्यावर बसला,
पाकळी जांभळी झाली.

सुनावणी हायस्कूलच्या हॉलमध्ये.
पंखे, घोषणा, मोसंबी सरबत.
शेवटी बबन कासले उठला,
जुन्या केंद्रावर तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवणारा,
घर त्याच भिंतीला लागून.
म्हणाला, सडा मलाही माहीत आहे.
टिटवीची अंडी मी पोरपणी दगड समजून उचललीत.
तिथे नेऊ नका.
पण इतकी वर्षं सगळ्यांचं आमच्या दारात होतं,
तेव्हा हा हॉल भरला नव्हता.
मी एकट्याने हरकत दिली होती. सापडते का बघा.

साहेब म्हणाले, मग न्यायचं कुठे?
तो म्हणाला, मला विचारताय?
आणि खाली बसला.
इतिवृत्तात मी लिहिलं: सभेत शांतता होती.

रात्री रेकॉर्डच्या खोलीत,
वाळवीने कडा खाल्लेल्या गठ्ठ्यात सापडली.
एक पान, निळी शाई,
विहिरीला वास येतो, पोरांना जुलाब थांबत नाहीत.
शेरा नाही. उत्तर नाही.
गोल शिक्का, तारीख, बाजूला सही,
माझीच, नव्या नोकरीतली,
शेवटच्या अक्षराची शेपटी ऐटीत लांबवलेली.

सोमवारी मी ती पुन्हा आवक केली.
दोनशे बारा.
स्थळाच्या बाजूने की विरुद्ध,
तो रकाना कोरा सोडला आहे.