जय्यद, मुमताज, सुपर

सलमाबादच्या पंपावर तीन नळ्या.
जय्यद, मुमताज, सुपर.
एक्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
पहिल्या दिवशी मला ऐकू आलं, जय्यत.
म्हटलं, वा, इथं पेट्रोलसुद्धा तयारीत उभं.
शिबू हसला. जय्यद म्हणजे बरं, चालेल असं.
मुमताज म्हणजे उत्तम.
सुपरला अरबीत काय म्हणतात
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याआधी अकरा वर्षं
देवरुखच्या डेपोत मी डिझेल ऐकत आलो.
डिझेलला ठिणगी लागत नाही.
दाबा, आणखी दाबा,
ते आपलं आपण पेटतं, तोच त्याचा धर्म.
पहाटे साखरप्याची गाडी सुरू झाली
की पत्र्यावर वाटाणे ओतल्यागत खडखड,
ती ऐकूनच आम्ही चहा टाकायचो.
इथं तीच खडखड म्हणजे आजार.

रमजानचे दिवस, गॅरेज सहरीपर्यंत उघडं.
पावणेदोनला पिवळी गाडी आली,
जमिनीला पोट लावून.
भावाची गाडी, उतरली लुलवा,
विमानतळावर कुणाला तरी सोडून आलेली.
कुणाला, ते मी विचारलं नाही.
शेजारच्या सीटवर एक टोपी राहिली होती, पुरुषाची.
"आत कुणीतरी खडे हलवतंय," ती म्हणाली.
घाईत तिनं जय्यद भरून घेतलेलं.
झाकणाच्या आत अठ्ठ्याण्णव लिहिलेलं असतं,
पण झाकणाच्या आत कोण वाचतं?

मी कान लावला. म्हटलं, थोडं दाबा. पुरे.
होतं काय, की त्या इंजिनात
बारा वाटे हवा एका वाट्यात कोंबतात,
आणि तेवढ्या कोंडमाऱ्यात
पेट्रोलनं गप्प बसायचं असतं,
ठिणगी येईपर्यंत.
आधीच पेटलं, की पिस्टनच्या डोक्यावर हातोडी.
लोकांना वाटतं, अठ्ठ्याण्णव म्हणजे जास्त आग.
छे.
आकडा आगीचा नसतोच,
कळ काढण्याचा असतो.

हे तिला मोडक्या अरबीत सांगितलं.
"मग चालवू नको?"
चालवा, पण मागे कुणी लागलंय अशी नको.
गाडीलाही कळतं, ती ठिणगी पुढे ढकलते,
आपली ताकद आपणच उणी करते.
एवढी महागडी, पण खाली मान घालून चालते.
नाहीतर सगळं उपसून काढू.
"काढा," ती म्हणाली. "सकाळी भाऊ ऐकेल.
त्याला गाडीचं बारीकसारीक ऐकू येतं."

अठ्ठावीस लिटर निघालं.
तोवर ती टोपी मांडीवर घेऊन पायरीवर बसली,
फोन उलटा ठेवून.
मग दोन कॅन सुपर.
स्टार्टर मारला, खडे गेले,
उरली फक्त घशातली गुरगुर, मोठ्या मांजराची.
ती पाच दिनार वर द्यायला लागली.
म्हटलं, राहू दे, काढलेलं मलाच होईल.

ते जय्यद माझ्या पिकपमध्ये ओतलं.
जुनी पिकप, एक दार दोरीनं बांधलेलं,
आवळणं कमी, मागणंही कमी.
तेच पेट्रोल. ना ठोका, ना तक्रार.
सित्राच्या वाटेवर समोर रिफायनरीची ज्योत,
रात्रंदिवस पेटलेली,
आणि त्या आगीवर एक चाकसुद्धा फिरत नाही.

मालकाकडे चार महिन्यांचा पगार अडकलाय.
शिबू शेजारी बसून विचारतो, तू भडकत कसा नाहीस?
आम्ही डिझेलवाले, मी म्हटलं,
आमच्याकडे ठिणगीची वाट बघत नाहीत.
दाब अजून पुरा झाला नसेल.

तो हसला नाही.
त्यानं काच खाली केली
आणि पूल संपेपर्यंत
ऐकत बसला.