ओळखा

रात्री केव्हातरी लॅपटॉपनं स्वतःला नवं करून घेतलं.
संध्याकाळी विचारलं होतं त्यानं, आत्ता की नंतर,
आणि मी नेहमीसारखं 'नंतर' दाबून शटर ओढलं.
नंतर म्हणजे कधी, ते त्याचं त्यानं ठरवलं.

सकाळी दाभोली नाक्यावर दुकान उघडलं
तर मोठा मॉनिटर काळा.
त्यावर एक छोटी चौकट फिरतेय: सिग्नल नाही.
कडेला आपटते, वळते, पुन्हा आपटते,
ओहोटीनंतर डबक्यात राहिलेल्या माशासारखी.

स्टुलावर सर्वेश गिरप.
वडिलांचा बॅनर, सहा बाय चार.
उद्या बारावं. कुडाळची मशीन पाचला बंद होते.
त्याच्या पँटला बर्फावरच्या भुशाचा वास.

केबल काढली, टोकं पाहिली.
इथं तांबं हिरवं पडायला दोन पावसाळे पुरतात.
खारं वारं कुठल्याही भोकातून आत जातं;
गेल्या वर्षी माझ्या कीबोर्डचं 'श्र' घेऊन गेलं.
श्रद्धांजलीचा धंदा, आणि श्र नाही.
जुन्या बॅनरमधून कॉपी करून आणायची एकेकाची.
स्पिरिटचा बोळा फिरवला. फुंकर मारली.
मारू नये म्हणतात. मारली.
मग घरच्या टीव्हीची केबल आणून लावली.
काळाच.

सेटिंग्जमध्ये गेले तर तिथं वेगळंच:
लॅपटॉपला मॉनिटर दिसत होता.
दोन चौकोन शेजारी शेजारी, एक आणि दोन,
त्याच्या हिशेबात दोन्हीकडे उजेड.
खाली बटण: ओळखा.
दाबलं. माझ्यासमोर भलामोठा एक उगवला.
दोनही उगवला असणार, तिकडे.

फोटो उघडला, तर तो काल जिथं बंद केला होता तिथंच उघडला.
म्हणजे तिकडेच.
नवी होडी पाण्यात लोटतानाचा फोटो,
सात माणसं, त्यातले एक शाबाजी गिरप.
फाईल उघडी आहे. खालच्या पट्टीत तिच्याखाली निळी रेघ आहे.
सगळं आहे. आपण बसलोय
त्या बाजूनं दिसत नाही इतकंच.

हे मी सर्वेशला बोलले नाही.
म्हटलं, ड्रायव्हरचा घोळ आहे.
"डायवर? कुडाळच्या गाडयेचो?"
हसलो दोघंही, हसण्यासारखं होतं त्याहून थोडं जास्त.

नवा ड्रायव्हर काढला, जुना बसवला.
बंद, चालू. चहा. बंद, चालू.
मधे वीज गेली, ती वेगळी.
साठाचे तीस केले, म्हणजे पडद्यानं
सेकंदाला तीसदाच डोळे मिटायचे,
आणि तीनच्या सुमाराला काळ्यातून
आधी आभाळ आलं, मग डोलकाठी, मग माणसं.
दिशा मात्र उलट्या: बाण डावीकडे बाहेर पडला
की उजवीकडून आत यायचा.
दोन नंबरचा चौकोन धरला, ओढला, जागेवर नेऊन ठेवला.

काल कापून ठेवलेला चेहरा मोठा करून दाखवला.
मोबाईलवर त्यानं बघितला होता, हो म्हणाला होता.
आता तो उठला, काचेपाशी गेला,
एका बोटानं नाकाची रेघ तपासली.
"ह्यो बापूस न्हय," तो म्हणाला.
"ह्यो काको. जितो आसा.
बॅनर बांधूक तोच येतलो."

मी काहीच बोलले नाही. कॅल्क्युलेटर उगाच पुसला.
तो बाहेर जाऊन गटाराकाठी उभा राहिला,
खांदे हलत होते, हसतोय की काय ते
मागून कळेना.
परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते.
"दोगांचा नाक एकच," म्हणाला. "आवशीन पण फसाचा."

चौकट धरली,
दोन माणसं ओलांडून डावीकडे नेली.
बाण मागं शेपूट सोडत गेला
आणि जरा उशिरा पोचला.