पाश्कू

कूपरेजला ईस्ट स्टँडच्या लाकडी फळीवर
आम्ही चौघं ठरलेल्या जागी बसायचो.
मी, गावंड, कस्टम्समधला लतीफ दळवी
आणि होमी, जो मॅच कमी बघायचा,
रेफ्रीच्या खानदानाची चौकशी जास्त करायचा.

तिथे आम्ही पास्कू तुस्कानोला पाहिला.
वसईचा पोरगा. डावा पाय.
उजवा फक्त उभं राहायला.
कंपनीत डिस्पॅच क्लार्क,
पण साडेचारनंतर
बॉल त्याच्या बुटाला विचारून हलायचा.

पोलिसांविरुद्धची ती मॅच.
कॉर्नर फ्लॅगपाशी तिघांनी त्याला घेरला.
दोघांना कसं काढलं ते दिसलं नाही,
लतीफ तेव्हा शेंगदाणे वाटत होता.
तिसरा, त्यांचा आडदांड स्टॉपर,
गवतावर बसला
आणि बसूनच राहिला,
सत्यनारायणाला बसल्यासारखा.
पुढे गोल झाला की नाही
यावर आमचं अजून भांडण आहे.

मग कलकत्त्याहून माणसं आली.
सफारी सूट, पान, ब्रीफकेस.
गावंड म्हणाला साठ हजार, होमी म्हणाला लाख.
लतीफ म्हणाला, आपल्याला काय त्याचं,
आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही.
पास्कूच्या आईने म्हणे एवढंच विचारलं,
तिकडे मासे गोड्या पाण्यातले खातात ना?

सुरुवातीला पेपरात चार ओळी यायच्या.
मग दोन.
म्हणून गावंडचा रेडिओ. खरखर, आणि बंगाली कॉमेंट्री.
एक अक्षर कळायचं नाही.
आम्ही फक्त नावासाठी कान लावून बसायचो.
तो माणूस त्याला पाश्कू म्हणायचा,
दत्तक गेलेल्या पोराचं नाव बदलावं तसं.

जुलैत एकदा
पाश्कू! पाश्कू!
आणि पाठोपाठ मैदान कोसळल्यासारखी गर्जना.
होमीने धावत जाऊन अर्धा किलो पेढे आणले.
गावंडच्या अख्ख्या मजल्यावर वाटले,
फुटबॉल आणि हॉकी एकच समजणाऱ्या साठेबाईंनाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात:
पेनल्टी, बारवरून.
गर्जना समोरच्या पार्टीची होती.

साठेबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या,
परत कधी जिंकणार हो तुमचा मुलगा?

नोव्हेंबरात तो क्लब मुंबईला खेळायला आला.
पास्कू बाकावर, निळ्या ट्रॅकसूटमध्ये, गाल भरलेले.
अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला उतरवला.
आम्ही उभे राहिलो. फळी करकरली.
बॉल आला. डाव्या पायावर. समोर एकच बॅक,
त्याच्यामागे सगळं मोकळं रान,
आणि त्याने तो मागे दिला.
नीट, सभ्यपणे, गोलकीपरकडे,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट
परत करावं तसा.

स्टँडमधून शिट्टी गेली.
लांब, दोन बोटांची.
त्याने वर पाहिलं. बरोबर आमच्या फळीकडे.

होमी अजून म्हणतो, मागचे साले हरामखोर.
लतीफ गेला, तोही तसंच समजून गेला.

बोटं माझी होती.

गुडघा, म्हणतो गावंड. होमी म्हणतो, पैसा.
कुणी म्हणतं दारू, कुणी म्हणतं
तिकडचा कोच डाव्या पायावाल्याला उजवीकडे खेळवायचा.
मी काही म्हणत नाही.

परवा गावंडच्या नातवाने मोबाईलवर
कुठल्या तरी परदेशी पोराचा गोल दाखवला.
असा होता का तुमचा तो, आजोबा?
असा नाही रे, म्हणत गावंड उठला,
एक चप्पल घेतली बॉल म्हणून,
टीपॉय सरकवला, सोफ्याचा कोपरा म्हणजे कॉर्नर फ्लॅग.
होमी, तू पहिला पोलीस. बंटी, तू दुसरा.
तिसरा कोण होतंय?

मी पुढे झालो.
चप्पल माझ्या दोन पायांमधून गेली.
मी फरशीवर बसलो.
सगळे हसले, हात पुढे केला कुणीतरी.

थांबा जरा, म्हटलं.