लाल चांदणीचा रकाना

अजमान, औद्योगिक वसाहत, गाळा नंबर नऊ.
व्हिसा, टायपिंग, पासपोर्ट, झेरॉक्स.
रविवारी माझ्यासमोरची निळी खुर्ची
गार होत नाही.

पोशेट्टी येतो. हातात पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्यात पासपोर्ट, घामानं फुगलेला.
नाव. बापाचं नाव. आई: पोसव्वा.
इथवर बोटं आपोआप चालतात.
मग जिल्हा.
शेजारी लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

"करीमनगर," तो म्हणतो.
भिवंडीच्या मागावर शिकलेलं त्याचं मराठी
अजून खटखट वाजतं.
मी यादी सरकवतो. करीमनगर आहे,
त्यात त्याचा मंडल नाही.
तू इथं फरशा घासत होतास, पोशेट्टी,
तेव्हा एका दसऱ्याला जिल्ह्याचे वाटे पडले.
तुझं गाव जगित्यालात गेलं.
"ऐकलं होतं," तो म्हणतो,
"वाटलं, कचेरीतली गोष्ट असेल."
बायको फोनवर हजार विड्यांची मजुरी सांगते,
हळदीचा भाव सांगते,
जिल्हा कशाला सांगेल?

त्याचा पणजोबा म्हणे एलगंदल जिल्ह्याचा.
मग किल्ला टेकडीवरच राहिला,
कचेरी उठून करीमनगरला गेली,
आणि मागोमाग जिल्ह्याचं नाव.
चार पिढ्या, तीन जिल्हे, घर एक.
हललेला माणूसही एकच,
तो हा, माझ्यासमोर, चहा घेतोय.

जगित्यालला किल्ला आहे, तो सांगतो,
मातीतच रुतून बसलेला, चांदणीच्या आकाराचा.
मी पडद्यावरच्या चांदणीकडे बघतो.
तो बघत नाही. त्यानं चहाचं बोट
टेबलाच्या काचेवर ठेवलंय:
ही गोदावरी. इथं पोचमपाड.
इथं धर्मपुरी, इथं ती दक्षिणेला वळते,
बापाची राख इथं.
कप उचलताना मानेर नदी
स्टेपलरखाली शिरते.

मी धर्माबादचा. त्याच्या वरच्या अंगाचा.
काचेच्या कडेला, जिथं माझा कोपर आहे,
तिथं बाभळीचा बंधारा.
एक जुलैला दरवाजे उचलले
की आमचं पाणी तुमचं होतं.
"आणि ऑक्टोबर सरताना?"
तेव्हा दरवाजे पडतात, तुम्ही शिव्या घालता.
"घालतो," तो कबूल करतो. "चुलत्यानं मोर्चात बस भरून नेली होती."
आणि तुमच्या पोचमपाडाचं पाणी
मागं सरकत आमच्या शिवारात येतं, त्याचं काय?
यावर तो दुसरा चहा सांगतो. पैसे तोच देतो.

दोघांच्या आजोबांचा शेतसारा
एकाच निजामाच्या थैलीत पडायचा.
पुढं थैली फाटली, भाषेच्या शिवणीवर.
इथल्या नळाला समुद्र गाळून येतो;
त्याला वरचं गाव नाही, खालचं नाही,
भांडायचं तर बिलाशी.

मी जगित्याल निवडतो.
यंत्र लगेच हटकतं:
आधीच्या पासपोर्टात जिल्हा वेगळा. कारण लिहा.
काय लिहू?
सरकारी आदेशाचा क्रमांक मला ठाऊक नाही.
पोशेट्टी छताच्या पंख्याकडे बघत राहतो,
मग म्हणतो, "लिही, मी नव्हतो."

मी ते लिहीत नाही. लिहितो, जिल्हा पुनर्रचना.
छपाईयंत्र दोनदा अडतं, तिसऱ्यांदा कागद सोडतं.
तीस दिरहम. तो पंचवीस देतो,
पाच पुढच्या रविवारी.

दारातून वळून विचारतो,
"तुमचं नांदेड अजून अख्खं आहे?"
"आहे. किनवटवाले मागतायत."
"देतील," तो म्हणतो, "तू इकडंच असताना."

काच पुसायचं फडकं मी हातात घेतो.
नदी अजून ओली आहे.
तेवढ्यात निळ्या खुर्चीत कडप्पाचा माणूस बसतो,
आणि कोपर नेमका धर्मपुरीवर ठेवतो.