भरण

मठच्या तिठ्यापुढे अडीचशे मीटर,
नमुन्याचा तुकडा. बाकी रस्त्यात दगडाची भुकटी,
एवढ्यातच तुसाची राख.

गिरणीमागे ढीग पडून होता वर्षानुवर्षं.
वारा सुटला की शेजारच्या सुकत घातलेल्या
बांगड्यांवर बसायचा, मग भांडणं.

मी चाळतो. सर्वांत बारीक चाळणीतून उतरेल
तीच चालते. वर राहतं ते काळं, अर्धं जळलेलं.
अन्वर मुकादम काट्यावर:
शंभरात पाच. जास्त झाली तर
डांबर पिऊन बसेल रे, रस्ता कोरडा पडेल.

भागीरथी धुरी कुंपणाशी उभी.
“राख भांडी घासूक. नायतर कपाळाक.
रस्त्याक कित्याक?”
मी सांगतो, खडीखडीत फटी राहतात,
पाणी तिथूनच शिरतं. राख तिथं बसते.
ती ऐकून घेते. काठीनं दाखवते
रोलर उभा आहे ती जागा.
“थंय माझो कुणगो होतो. रुंदीकरणात गेलो.
शेवटचा भात ह्याच गिरणीर भरडलंय.”

त्याचा तूस कुठल्या पोत्यात, मला ठाऊक नाही.
पोत्यावर तारीख असते, चाळणीचा नंबर.

संध्याकाळी रोलर बाजूला गेल्यावर
ती चपला काढून हातात घेते
आणि नव्या काळ्यावरून चालू लागते.
“गरम आसा हां अजून.”
मध्येच एका जागी, जिथं काहीच नाही,
पाय उंच उचलून पलीकडे टाकते,
बांध ओलांडावा तसा.